पान दोनशे चौदावरची रिकामी जागा

१

माझं काम लोकांना हेवा वाटावा असं नाही, पण गंमत वाटावी असं नक्की आहे. आमचं ऑफिस बाळांच्या नावांचं एक जाडजूड पुस्तक काढतं. दर दोन वर्षांनी नवी आवृत्ती. मुलांची नावं माझ्याकडे, मुलींची समोरच्या टेबलावरच्या बाईंकडे. प्रत्येक नावापुढे तीन रकाने: अर्थ, उगम आणि लोकप्रियता. अर्थ कोशातून शोधायचा, उगम जमेल तितका खरा लिहायचा, आणि लोकप्रियता म्हणजे जन्मनोंदणी खात्याच्या वर्षाच्या यादीत ते नाव किती पोरांना पडलं तो आकडा. नऊ वर्षं मी हेच करते आहे. ओळखीत कुणाकडे पाळणा हलणार असला की पहिला फोन मला. "जरा वेगळं सुचव ना गं." वेगळं! सगळ्यांना वेगळंच हवं असतं, आणि शेवटी सगळे मिळून एकच ठेवतात.

आमच्या धंद्यात चोऱ्या फार. आम्ही दोन वर्षं डोळे फोडून यादी करायची आणि दुसऱ्या कुणी ती आठवड्यात उतरवून स्वतःच्या नावावर खपवायची. म्हणून प्रत्येक आवृत्तीत चार-पाच खोटी नावं पेरलेली असतात. ऑफिसात त्यांना 'सापळे' म्हणतात. जगात नसलेलं नाव, मनाने ठोकलेला अर्थ, लोकप्रियता शून्य. ते दुसऱ्याच्या पुस्तकात दिसलं की चोर सापडला. नियम एकच: नाव असं हवं की शुद्धीवर असलेले कुठलेही आईबाप ते आपल्या पोराला ठेवणार नाहीत.

पाच वर्षांपूर्वी पान दोनशे चौदावर तळाला एका नोंदीपुरती जागा मोकळी राहिली. आमचे संपादक पूर्वी शाळेत शिकवायचे. सगळे त्यांना मास्तरच म्हणतात, आणि तेही हजेरी घेतल्यासारखी प्रूफं मागतात. "ती रिकामी जागा भर काहीतरी टाकून," ते म्हणाले. "पान बोडकं दिसतंय."

जेवायची सुट्टी झाली होती आणि मला कडकडून भूक लागली होती. उचलली जीभ लावली टाळ्याला. तोंडात आलं ते टाइप केलं. अर्थाच्या रकान्यात जे समोर दिसत होतं तेच लिहिलं: 'जागा भरणारा'. उगम: अज्ञात. लोकप्रियता: शून्य. मग डबा उघडला.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा लिहिलं तेवढं पुरे झालं. इतकंच सांगते की म्हणताना जीभ मध्येच एकदा अडखळते आणि मग घास गिळल्यासारखी आत जाते.

२

नोंदणीच्या याद्या आणून संगणकात चढवणारा आमचा एक सहकारी आहे. त्याला सगळे आकडेवाला म्हणतात, त्याची बायकोसुद्धा. सापळा लावल्याच्या दुसऱ्या वर्षी तो माझ्या टेबलाशी आला तो हसतच.

"तुझ्या सापळ्यात उंदीर सापडला गं. एकाने ठेवलंय ते नाव."

आम्ही सगळे पोट धरून हसलो. बिचारं पोर, शाळेत काय होईल त्याचं, असं मी म्हटल्याचंही आठवतं. पुढच्या वर्षी सात झाले. त्याच्या पुढच्या वर्षी बेचाळीस. तेव्हाही मी घाबरले वगैरे नाही. नावं अशीच पसरतात. एकाने ठेवलं, शेजारणीला आवडलं, तिच्या बहिणीने उचललं. यावर मी स्वतः दोन पानी लेख लिहिलाय.

गेल्या वर्षी आकडेवाला आला तेव्हा मला पाचवा महिना लागला होता. सहा वर्षं वाट बघून, तीन डॉक्टर पालथे घालून लागलेला पाचवा महिना. तो हसत नव्हता. यादी माझ्यापुढे ठेवून त्याने नुसतं बोट दाखवलं. तीनशे बारा.

"चूक असेल," मी म्हटलं.

"तीनदा मोजलं."

मी तशीच मास्तरांकडे गेले. म्हटलं, पुढच्या आवृत्तीतून हे नाव काढून टाकू या. सापळा म्हणून त्याचा आता काही उपयोग नाही.

"सापळा कसला? आता ते खरं नाव झालं," मास्तर म्हणाले. "तीनशे बारा पोरं आहेत त्याची. लोकांनी ठेवलेलं नाव आपण काढणारे कोण?"

"अहो, पण ते मी बनवलंय! भुकेच्या तंद्रीत!"

"सगळीच नावं कधीतरी कुणीतरी बनवलेली असतात. बस जरा. अशा अवस्थेत चिडू नये."

ही 'अशी अवस्था' मला पुढचे चार महिने सगळ्यांनी ऐकवली. काही बोलायला जावं तर समोरचा आधी माझ्या पोटाकडे बघायचा आणि मग समजूतदारपणे मान हलवायचा. त्या मानेने माझ्या डोक्यात तिडीक जायची.

३

मग पत्रं यायला लागली. पुस्तकाच्या शेवटी आम्ही छापतो, 'चूक आढळल्यास कळवावी.' वर्षाला दोन-तीन पत्रं यायची, ती बहुतेक निवृत्त माणसांची. या वेळी पाच आठवड्यांत चौदा आली. कुणी पोस्टाने, कुणी ईमेलने, कुणी मुलाच्या चित्रांच्या वहीतल्या कागदावर. लिहिणारे वेगवेगळे. शिंपी, नर्स, ट्रकचालक, एक जुळ्यांची आई. गावंही वेगवेगळी. म्हणणं मात्र सगळ्यांचं एकच. माझ्या मुलाच्या नावाचा अर्थ तुम्ही चुकीचा दिलाय. तो 'जागा भरणारा' असा नाही. 'जागा घेणारा' असा आहे. कृपया दुरुस्त करावा.

जुळ्यांच्या आईने शेवटी लिहिलं होतं, 'तुमचं पुस्तक मी परवा पहिल्यांदा पाहिलं. नाव आम्ही त्यातून घेतलेलं नाही. ते आमच्या तोंडातच होतं.' तिने पत्राखाली सही केली होती आणि मुलाचं नाव लिहिलं होतं. एकाच मुलाचं.

मी पत्रांचा गठ्ठा मास्तरांच्या टेबलावर आपटला. वाटलं, आता तरी त्यांचं डोकं ठिकाणावर येईल. त्यांनी चष्मा लावून चौदाच्या चौदा वाचली.

"दुरुस्त करून टाक," ते म्हणाले.

"मास्तर, अहो, तो अर्थ मी मनाने ठोकला होता. त्यात चूक कशी असेल? मनाने ठोकलेल्या गोष्टीत चूक कशी असते, सांगा मला!"

"म्हणूनच चुकलं. कोश बघितला असतास तर चुकलं नसतं."

हसावं की रडावं? मी कोश बघितले. ऑफिसातले सगळे बघितले, मग घरी जाऊन माझे बघितले. ते नाव कुठेच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी स्पष्ट सांगितलं की दुरुस्ती मी करणार नाही. मास्तरांनी ती समोरच्या बाईंकडून करून घेतली. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एवढं काय गं? एका शब्दाचा तर फरक आहे."

४

आमच्या बाळाचं नाव आम्ही लग्नाआधीच ठरवलं होतं. मुलगी झाली तर एक, मुलगा झाला तर एक. मुलाचं नाव अगदी साधं, दोन अक्षरी. वर्गात हाक मारली तर तिघं उठून उभे राहतील असं. दिवसभर नावांच्या ढिगात बसणाऱ्या बाईला वेगळ्या नावाची हौस उरत नाही हो. हलवायाच्या घरी कोण मिठाई खातं?

ते नाव घेऊन मी पोटाशी बोलायचे. कपडे वाळत घालताना, बसमध्ये, टेबलाशी कुणाचं लक्ष नसताना. मुलीचं नाव घेतलं की आत सगळं गप्प. मुलाचं घेतलं की टण्णकन लाथ. दर वेळी. नवरा म्हणायचा, योगायोग. मी म्हणायचे, योगायोग तर योगायोग, पण तो ओ देतो मला. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली त्याने ओ दिली की काय वाटतं, ते शब्दांत सांगणं माझ्या पोटापाण्याचं काम असूनही मला जमणार नाही.

सातव्या महिन्यात एका रविवारी सकाळी नवरा आतल्या खोलीत पाळणा जोडत बसला होता. लाकडी, जुना, शेजाऱ्यांनी दिलेला. त्याची एक कडी वाकडी होती. रिकामा हलवला तर गुपचूप हलायचा, वजन पडलं की करकरायचा. त्याने माझं ते जाडजूड पुस्तक पाळण्यात ठेवलं आणि झोका दिला. कर्र, कर्र. पुस्तक काढलं. आवाज बंद.

"घे, घंटाच झाली," तो म्हणाला. "बाळ जागं झालं की आपोआप कळेल." मग पाना खाली ठेवून तो सहज म्हणाला, "अगं, मला एक नाव सुचलंय. जरा वेगळं आहे."

आणि त्याने ते नाव घेतलं. मध्येच अडखळून, मग गिळून.

मी ते घरात कधीच बोलले नव्हते. ऑफिसातही ते तोंडाने कुणी घेत नव्हतं, कागदावर बोट दाखवत होते. "कुठून काढलंस हे?" मी विचारलं.

"सुचलं."

"माझी प्रूफं बघितलीस?"

"मी? तुझी प्रूफं? त्यापेक्षा आठवडाभर भांडी घासेन."

मी इतक्या जोरात ओरडले की सासूबाई हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. काय झालं, त्यांनी विचारलं. नवऱ्याने सांगितलं. मी नको नको म्हणत असताना ते नाव पुन्हा घेऊन सांगितलं.

"चांगलं आहे की," सासूबाई म्हणाल्या. "गंमत बघ, सकाळपासून माझ्याही तोंडात तेच घोळतंय. कुठे ऐकलं कोण जाणे."

मी त्या दोघांकडून वचन घेतलं. या घरात ते नाव पुन्हा घ्यायचं नाही. दोघांनी दिलं. आधी माझ्या पोटाकडे बघून आणि मग समजूतदारपणे मान हलवून.

५

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी आईकडे गेले. तिला काही विचारायला नाही, नुसती चिडचिड ओकायला. आई गच्चीवर उशांचा कापूस उन्हात पसरत होती. मी पायरीवर बसून सगळं सांगितलं. मास्तर, पत्रं, नवरा, सगळं. आई हूं हूं करत होती. शेवटी म्हणाली, "अगं, पण नाव आहे तरी काय ते?"

तोवर मी ते स्वतः कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं. पाच वर्षांपूर्वीही फक्त लिहिलं होतं. मी म्हटलं.

आईचे हात थांबले. "हे खूळ अजून आहे का तुझं?"

"कसलं खूळ?"

"तीन वर्षांची होतीस. कुठेही अर्धीच बसायचीस. खुर्ची असो, पाट असो, अर्ध्यावर तू आणि अर्धा मोकळा. पडायचीस, लागायचं, पण सरकून बसायची नाहीस. विचारलं तर म्हणायचीस, ही त्याची जागा आहे. कुणाची रे बाबा, तर हे नाव. बोबडं बोलायचीस, पण हे नाव मात्र स्पष्ट. तुझे बाबा तर म्हणायचे, कुठल्या भाषेतलं शिकून आली पोरगी."

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. "मग?"

"मग काय, शाळेत जायला लागलीस. एके दिवशी बघते तर अख्खी खुर्ची अडवून ऐटीत बसलेली. मी म्हटलं, काय गं, गेला वाटतं तुझा तो?" आई हसायला लागली. "तर म्हणालीस, त्याला सांगितलंय मी. आत्ता नाही, नंतर देईन जागा."

आई हसतच राहिली. मुलं काय, काहीही बोलतात, म्हणाली. मी उगमाच्या रकान्यात 'अज्ञात' लिहिलं होतं.

घरी येताना बसमध्ये मी स्वतःला समजावत राहिले. लहानपणी बनवलेलं नाव कुठेतरी डोक्यात राहिलं, भुकेच्या वेळी बाहेर आलं. मी झोपेत बडबडले ते नवऱ्याने ऐकलं असेल. सासूबाईंनी नवऱ्याच्या तोंडून. प्रत्येक गोष्टीला कारण सापडत होतं. तीनशे बारा पोरांना सापडत नव्हतं, म्हणून मी ती सोडून दिली. शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, "अहो, नीट बसा ना, पडाल." मी बाकाच्या अगदी कडेला बसले होते.

६

नववा महिना लागला. दर आठवड्याला दवाखान्यात जायचं होतं. आमच्या डॉक्टरबाई मुलांनाही तपासतात, त्यामुळे बाहेरच्या खोलीत पोटवाल्या बायका आणि पोरं यांची खिचडी असते. भर दुपार होती. पंखा फिरत होता. भिंतीशी माशांची काचपेटी, तिच्याशी तीन-चार वर्षांचा एक मुलगा नाक चिकटवून उभा. समोरच्या बाकावर एक बाई वर्षाच्या मुलाला बाटलीने दूध पाजत होती. कोपऱ्यात एका आजोबांच्या खांद्यावर एक पोर गाढ झोपलं होतं. मी पोटाशी हळूच बोलत होते आणि आतून टण्ण टण्ण उत्तर येत होतं.

नर्स हातात पाकिटं घेऊन दारात आली. रिपोर्ट द्यायचे होते. तिने वरच्या पाकिटावरचं नाव वाचलं. मध्येच अडखळून, मग गिळून.

काचपेटीजवळचा मुलगा वळला. दूध पिणाऱ्याने बाटली सोडली आणि मान फिरवली. आजोबांच्या खांद्यावरचं पोर झोपेतून उठलं. रडलं नाही, डोळे चोळले नाहीत, नुसतं डोकं उचलून बघितलं. तिघंही एकाच वेळी. आणि नर्सकडे कुणीच बघत नव्हतं. तिघं माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडाकडेही नाही, खाली.

"अरे, तुझं नाव कुठे घेतलं?" दूध पाजणारी बाई मुलाला म्हणाली. "पी बरं."

"आमचा नंबर आला का?" आजोबांनी विचारलं. नर्सने नाव पुन्हा घेतलं. ते आमचं नाही, ते म्हणाले, आमच्याचं दुसरं आहे. पाकीट घ्यायला कुणीच उठलं नाही. नर्स वैतागून आत गेली. पोरं पुन्हा आपापल्या जागी वळली. हे सगळं व्हायला बाटली उचलून परत तोंडाला लावायला लागतो तेवढाच वेळ लागला.

माझ्या पोटातलं टण्ण टण्ण थांबलं होतं.

मी हाक मारली. पुन्हा मारली. लोक बघतात याची लाज सोडून मोठ्याने मारली. काही नाही. डॉक्टरबाईंनी घाईने आत घेतलं, पोटाला यंत्र लावलं. ठोके व्यवस्थित होते. "बघा, घोड्यासारखे पळताहेत. उगाच घाबरता," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी जेवायला बसले तेव्हा आत हालचाल झाली. पण ती लाथ नव्हती. अरुंद पलंगावर कुणीतरी कूस बदलावी तसं काहीतरी, सावकाश, सगळी जागा घेत गेलं.

७

मुलगा झाला. दुपारी बारा-सव्वाबाराला, काही त्रास न देता. वजन चांगलं, रंग चांगला, सगळं चांगलं. तो रडला नाही. नर्सने पाठीवर थोपटलं तेव्हा उपकार केल्यासारखा एकदा रडला आणि मग माझ्याकडे बघत राहिला. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं. मला तो आवडला नाही असं मुळीच नाही. नऊ महिने पोटात वाढवलेलं पोर. मी त्याला छातीशी धरलं आणि आमचं ठरलेलं नाव त्याच्या कानात सांगितलं. त्याने कान झटकल्यासारखी मान फिरवली.

नोंदणी करायला मी स्वतः गेले. टाके ओढत होते, नवरा म्हणत होता मी जातो, पण कुणावरही सोडायचं नव्हतं मला. नऊ वर्षं ज्या खात्याच्या याद्या वाचल्या त्याची खिडकी पहिल्यांदा बघितली. फॉर्मवर आमचं साधंसुधं दोन अक्षरी नाव मोठ्या अक्षरात लिहिलं, तीनदा वाचलं, खाली रेघ मारली.

खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म वाचला. "अगदीच साधं ठेवलंत बाई. हल्ली असं कुणी ठेवत नाही. हल्ली तर सगळे ते एक..."

"बोलू नका!" मी ओरडले. रांगेतली माणसं मागे सरकली. "तुम्हाला हात जोडते, ते नाव घेऊ नका. हे लिहा. माझ्यासमोर लिहा."

त्याने लिहिलं. दाखला हातात घेऊन मी खिडकीशीच पुन्हा वाचला. अक्षर न् अक्षर बरोबर होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या मनासारखं झालं होतं. बाहेर पडून मी आईला फोन लावला आणि भर रस्त्यात हसले. नाव पडलं एकदाचं.

८

मुलगा आता आठ महिन्यांचा आहे. गुणी आहे. वेळेवर खातो, वेळेवर झोपतो. बोटं पकडतो, रांगतो, आरशात बघून हसतो. नावाने हाक मारली की मात्र भिंतीकडे बघतो.

कान तपासून झाले. कागद पडला, चमचा वाजला, तरी वळतो. डॉक्टरबाई म्हणतात, होईल हळूहळू. सासूबाई म्हणतात, त्याला 'पिल्लू' म्हण, लगेच बघतो. नवरा म्हणतो, तू नावाच्या हात धुऊन मागे लागलीयेस, म्हणून तो कंटाळतो. म्हणजे चूक माझीच! वचन मात्र दोघांनी पाळलंय. कालपर्यंत ते नाव या घरात कुणी घेतलं नव्हतं.

काल दुपारी मी एकटीच होते. नवरा कामावर, सासूबाई बाहेर. मी त्याला मांडीवर घेऊन पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. वाटी-चमचा घेऊन भरवत होते आणि प्रत्येक घासाला हाक मारत होते. लाडाने मारली, रागाने मारली, गाणं करून मारली. तीस वेळा तरी झाली असेल. पालथ्या घड्यावर पाणी. तो शांतपणे घास खात होता आणि भिंतीकडे बघत होता. माझा संयम संपला. खरं सांगते, त्या क्षणी मला तो राग आवरला असता तर फार बरं झालं असतं. मी चमचा वाटीत आपटला आणि ते नाव घेतलं.

तो वळला. लहान मुलं झटकन वळतात, तसा नाही. रांगेत कितीतरी वेळ उभ्या असलेल्या माणसाचा नंबर पुकारला की तो जसा वळतो, तसा. सावकाश, खात्रीने. त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं आणि तो हसला. तोंडभरून, ओळखीचं.

मला रडू फुटलं. भीतीचं नव्हतं ते आधी. माझं पोर कुठे आहे, एवढंच डोक्यात आलं. जो ओ द्यायचा तो कुठे आहे? ज्याच्यासाठी सहा वर्षं थांबले, ज्याने बसमध्ये, टेबलाशी, दोरीवर कपडे टाकताना मला लाथा मारून सांगितलं की मी इथे आहे, त्याला मी कुठे ठेवून आले? मी या मुलाला घट्ट धरलं, कारण दुसरं धरायला काही नव्हतं, आणि हुंदक्यातच ठरलेल्या नावाने हाक मारली. कुणाला उद्देशून, ते मलाही ठाऊक नव्हतं.

आतल्या खोलीत पाळणा करकरला.

आत कुणी नव्हतं. खिडकी मी स्वतः लावली होती. आणि तो पाळणा रिकामा असला की वाजत नाही, हे मला माहीत होतं. मी पुन्हा हाक मारली. कर्र, कर्र. लगेच. दर वेळी लाथ यायची ना, तितक्या लगेच.

आठ महिने मी त्याला हाका मारत होते आणि तो आठही महिने ओ देत होता, माझ्याच हाकांच्या गलक्यात ते मला ऐकू आलं नव्हतं. मी या खोलीत बसून याच्या तोंडाकडे बघत होते.

मांडीवरच्याचं हसू गेलं. त्याने माझी ओढणी मुठीत धरली आणि आतल्या दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. मूठ घट्ट होती. मी ती सोडवली नाही. फक्त खुर्चीवर अगदी कडेला सरकले, अर्धी खुर्ची मोकळी केली, आणि तिसऱ्यांदा हाक मारली.

वजन उतरल्यासारखा आतला पाळणा करकरायचा थांबला.